जाळरेषेतली झाडं

ती झाडं मरायची होती. तसा कुणी हुकूम काढला नव्हता. पण टेकडीवर लावलेल्या दर शंभर रोपांतली चाळीसेक पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातून ज्या रोपांना पाणी दाखवायचं नाही, कुंपण घालायचं नाही आणि ज्यांच्याकडे पुन्हा वळून बघायचंही नाही, ती तर हमखास मरतात. मोजणीदाराने त्या भरवशावरच ती लावून घेतली होती. अकराशे चाळीस रोपं. त्याला तीन वर्षं झाली. एकही मेलं नाही.

कागदावर तो 'सहायक निरीक्षक, जैवविविधता व सामुदायिक आरोग्य' होता. एवढं लांब नाव घेऊन कोण हाक मारणार? तो झाडं मोजायचा, म्हणून सगळे त्याला मोजणीदार म्हणत. जैवविविधता गेटाजवळच्या गोल वाफ्यात होती: एकवीस जातींची एकवीस झाडं, प्रत्येकापुढे पाटी. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढत. बाकीच्या टेकडीवर एकच जात होती. उंच, सरळ, झपाट्याने वाढणारी, तेलकट पानांची. रान एका सिमेंट कंपनीचं होतं. कंपनीने वर्षभर जो धूर वर सोडला तो झाडांनी गुपचूप पिऊन टाकायचा, असा एकंदर समझोता होता. झाडांना त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता जाळरेषेचं. दाट रानात आग लागली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटू नये म्हणून मधून एक रुंद पट्टा मोकळा ठेवतात. तिथे झाड नाही, झुडूप नाही, पालापाचोळासुद्धा झाडून काढायचा. आग तिथवर येते, पुढे खायला काही नाही असं बघते आणि बसते. या टेकडीच्या नकाशावर अशी रेषा तांबड्या रंगात काढलेली होती. पंधरा मीटर रुंद, टेकडीच्या पोटावरून आडवी. जमिनीवरही ती होती. मोजणीला चार दिवस उरले तोवर होती. मग कंपनीने जाहीर केलेल्या पाच लाख झाडांच्या आकड्याला अकराशे चाळीस रोपं कमी पडली. पूर्वेला खडक लागल्यामुळे तिथले खड्डे झालेच नव्हते. रोपवाटिकेत रोपं शिल्लक, आणि समोर नुकताच साफ केलेला, भुसभुशीत, देखणा पट्टा.

"इथे?" मुकादमबाईने तेव्हा विचारलं होतं. अठ्ठावीस बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती आणि या टेकडीवरचा जवळजवळ प्रत्येक खड्डा त्या टोळीने खणला होता. "ही आग अडवायची जागा ना?"

"मोजणी होऊन जाऊ दे. उन्हाळ्यात मरतील आपोआप."

"आणि नाही मेली तर?"

"बाई, इथे पाणी घातलेली मरतात. बिनपाण्याची काय जगणार?"

मुकादमबाई टोळीकडे वळली आणि म्हणाली, "लावा गं. साहेबांनी मरायला सांगितलीत."

टेकडीवर पडणारं सगळं पाणी त्या भुसभुशीत पट्ट्यात मुरत होतं, हे मोजणीदाराला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी झाडं कमरेला आली, दुसऱ्या वर्षी डोक्यावरून गेली. मुख्य कचेरीत या पट्ट्याला 'प्लॉट सतरा' असा नंबर मिळाला, कारण झाडांचा नकाशा एक खातं करायचं आणि जाळरेषांचा दुसरं, आणि दोन्ही खाती एकाच मजल्यावर असल्यामुळे एकमेकांशी बोलत नसत. प्लॉट सतराला 'शंभर टक्के जिवंत' म्हणून ढाल मिळाली. ती घेताना काढलेल्या फोटोत मोजणीदाराचा चेहरा दात काढायला निघालेल्या माणसासारखा आहे.

तेवढ्यावर भागलं असतं. रान जळालं असतं तर जळालं असतं. पुन्हा लावलं असतं, पुन्हा मोजलं असतं. तो पट्टा लावला तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला काहीच नव्हतं. पण वर्षभराने कंपनीने तिथे श्वासकेंद्र बांधलं. आसपासच्या गावांत छातीचे आजार फार होते. ते कशामुळे होते यावर अहवालात एक शब्द नव्हता, पण त्यांवर शुद्ध हवा हा उपाय आहे यावर अकरा पानं होती. बारा खाटा, सहा ऑक्सिजनची मशीनं, समोर व्हरांडा, व्हरांड्यापुढे रान. रानात इमारत बांधायची तर तिच्या खालच्या अंगाला जाळरेषा पाहिजे, असा नियम आहे. इंजिनियरने नकाशा उघडला, तांबडी रेषा बघितली आणि तिच्या वर बरोबर चाळीस पावलांवर पाया आखला. टेकडीवरची सर्वांत सुरक्षित जागा ती हीच, असं त्याने लिहून दिलं. आग चढणीला धावते, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर ती जागा.

पाया खणायच्या आठवड्यात मोजणीदार प्रकल्पाच्या साहेबांकडे सांगायला गेला होता. हे साहेब प्रत्येक पत्राखाली 'हरित शुभेच्छांसह' असं लिहीत, म्हणून टेकडीवर त्यांना हरितसाहेब म्हणत. मोजणीदाराने तोंड उघडायच्या आत ते उठून उभे राहिले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "प्लॉट सतरा! काय काम केलंत हो! तुमच्या बहिणीला श्वासाचा त्रास आहे ना? पहिली खाट त्यांची."

तो सांगायला गेला होता आणि खाट घेऊन परत आला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. बत्तीस वर्षं सूतगिरणीत काढली तिने, आणि गिरणीतला कापूस छातीत घेऊनच निवृत्त झाली. गिरणीच्या खडखडाटात दहा साच्यांपलीकडच्या बाईला हाक मारायचा तिचा आवाज. आता एका श्वासात दोन शब्द मावत, तीन म्हणजे चैन. पण केंद्रात आल्यापासून ती सुधारली होती. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची, नाकात नळी, आणि खालून मोजणीदार वर येताना दिसला की म्हणायची, "आला... वनराजा."

ती बरी होत होती, हेच त्याच्या छातीवर बसलं होतं. घरी तिला ठेवायची सोय नव्हती. मशीन नव्हतं, खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला सतरा पायऱ्या.

या वर्षीचा उन्हाळा लवकर आला. मोजणीदाराला एक नवी सवय लागली: दर दहा मिनिटांनी नाक वर करून वास घ्यायचा. जेवताना, मोजताना, कुणाशी बोलतानासुद्धा. लोकांना वाटलं सर्दी आहे. रोज दुपारी तो पट्ट्यात जाऊन पाचोळ्यात मनगटापर्यंत हात घालायचा. आधी तळाशी थोडी ओल लागायची. मग नुसता गारवा. मग एक दिवस तळाची पानंही मुठीत घेतल्यावर कुर्रकन मोडली, आणि हाताला तेलाचा वास राहिला तो साबणाने जाईना.

पट्टा तोडायचा तर वरून परवानगी हवी. परवानगी फोनवरच्या अ‍ॅपमधून मागायची असते. 'तोडीचे कारण' या रकान्यात तीन पर्याय होते: रोग, वादळ, जनावर. 'मुळातच लावायला नको होती' असा पर्याय नव्हता. मोजणीदाराने सकाळचा अर्धा तास त्या तीन शब्दांकडे बघण्यात घालवला. वादळ झालेलं नव्हतं. झाडाच्या उंचीचं जनावर त्या भागात नव्हतं. शेवटी त्याने 'रोग'वर बोट ठेवलं, कुंपणाच्या तारांना लावायच्या तांबड्या रंगाचा डबा आणला, पंचवीसेक झाडांच्या पानांवर ब्रशने शिंतोडे उडवले आणि फोटो पाठवले.

उत्तर चार तासांत आलं. इतक्या झटपट त्याला कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. रोग संसर्गजन्य असू शकतो. तज्ज्ञ अठ्ठावीस तारखेला येतील. तोवर प्लॉट सतरा पिवळ्या पट्टीने बंद करावा. कोणीही आत जाऊ नये, एकही पान हलवू नये, पाचोळा गोळा करण्याचे काम तात्काळ थांबवावे. हरित शुभेच्छांसह.

त्याने फोन लावला.

"साहेब, पाचोळा तरी काढू द्या. आत वीतभर झालाय. ती जाळरेषा आहे."

"जाळरेषा? अहो, जाळरेषा नकाशावर तांबडी आहे. मी आत्ता बघतोय. मोकळी आहे."

"नकाशावर मोकळी आहे."

"मग झालं तर. तुम्ही प्लॉट सतराचं बोला. दोन गोष्टींची गल्लत करू नका. बरं नाहीये का तुम्हाला? तुमचा आवाज खोल गेलाय."

"साहेब, दोन्ही एकच—"

"तज्ज्ञ येऊ देत. ते आले की त्यांना सगळं दाखवा. आणि काळजी करू नका, झाडाला रोग होणं यात तुमचा काही दोष नाही."

फोन ठेवून मोजणीदाराने पिवळी पट्टी उचलली. ती बांधली. आधी निदान आठवड्यातून एकदा बायका पाचोळा तरी ओढायच्या. आता तेही त्याने स्वतःच्या सहीने बंद केलं होतं. अठ्ठावीस तारखेला तेवीस दिवस होते. तो दिवस मोजू लागला; मोजणं हेच त्याला येत होतं.

एकोणीस तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास, तो खालच्या रोपवाटिकेत असताना त्याने सवयीने नाक वर केलं आणि वास आला.

पहिल्यांदा त्याला खरंच वाटलं की हा भास आहे. इतके दिवस रोज घेतलेला वास आज खरा कसा असेल? पण मग टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याचं काम चालू होतं तिथून, डांबराच्या काळ्या धुराशेजारी एक पांढरा धूर उठताना दिसला. काळा धूर सरळ वर जात होता. पांढरा आडवा पडला होता आणि टेकडीकडे येत होता. डांबर तापवणारी दोन माणसं लांब उभी राहून त्याच्याकडे बघत होती, जणू त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

 मोजणीदाराने अग्निशमनला फोन लावला. तिकडून आवाज आला, की गाडी निघते आहे, दोन तास लागतील, रस्ता अरुंद आहे. "मध्ये जाळरेषा आहे ना?" त्या माणसाने विचारलं. मोजणीदाराने फोन बंद केला आणि चढण पळत सुटला. सेहेचाळिसाव्या वर्षी, मोजणीच्या बुटांत.

केंद्रातली सिस्टर व्हरांड्यात उभी राहून धूर बघत होती. घाबरलेली नव्हती, एखादी मिरवणूक बघावी तशी बघत होती.

"गाडी कुठेय?" त्याने विचारलं.

"शहरात. दोघांना तपासणीला नेलंय, चारपर्यंत येईल. भाऊ, बसा आधी, केवढी धाप लागलीय. आमच्या बारांत तुम्ही तेरावे व्हाल."

"बाकीच्यांना खाली न्यायला पाहिजे."

"कशाला? ट्रेनिंगमध्ये सांगितलंय ना, खिडक्या लावून आत बसायचं. खाली जाळरेषा आहे." तिने हात लांब केला. त्या हाताच्या रोखात पिवळ्या पट्टीपलीकडे दोन पुरुष उंचीची झाडं दाटीने उभी होती. सिस्टर रोज त्यांच्याकडेच बघत होती. जाळरेषा त्यांच्या पलीकडे कुठेतरी असेल, असं तिला वाटत असावं. सगळ्यांनाच वाटत असावं.

खुर्चीतून ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. दहा साच्यांपलीकडे कुणाचा धागा तुटला ते तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं.

"बाब्या," ती म्हणाली. "काय केलंस?"

त्याने सांगितलं. तीन वर्षं जे साहेबांना, अ‍ॅपला, कुणालाच सांगता आलं नव्हतं ते चार वाक्यांत संपलं. जाळरेषा नाहीच. ती हीच जागा. मी झाडं लावली. आकडा भरायचा होता.

सिस्टरचा वर केलेला हात तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि भिंतीला धरलं. आत कुणीतरी खोकलं. मशीनं गुरगुरत होती.

"आणि मला... इथे आणलंस," ताई म्हणाली.

"ताई—"

"रडू... नंतर. तोड... आधी."

मुकादमबाईची टोळी पट्टीच्या अलीकडे सावलीत डबे उघडून बसली होती. पण जेवत कुणी नव्हतं, सगळ्या उभ्या राहून खाली बघत होत्या. मोजणीदाराने पळत येऊन पिवळी पट्टी दोन्ही हातांनी ओढली. ती तुटेना, चांगल्या प्रतीची होती.

"आत जायचं नाही असा तुमचाच कागद आहे," मुकादमबाई म्हणाली.

"रोग नाहीये. मीच रंग लावला होता."

"ते ठाऊक आहे. कुंपणाचा डबा निम्मा झाला, आम्ही काय आंधळ्या आहोत?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत? तीन वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, तेव्हा काय सांगितलंत?" बोलता बोलता तिने कोयत्याने पट्टी एका घावात कापली. "आता कुठून सुरू करायचं ते सांगा. सगळं नाही व्हायचं. अकराशे आहेत."

अकराशे चाळीस. पट्टा साडेतीनशे पावलं लांब. मोजणीदाराने बघितलं: केंद्र मध्याच्या जरा पूर्वेला. धूर नैर्ऋत्येकडून येत होता. "केंद्राच्या समोरचं आधी, मग पूर्वेचं टोक. पश्चिमेचं राहिलं तर राहिलं."

राहिलं तर राहिलं, हे तो किती सहज म्हणाला.

झाडं मनगटाएवढी जाड झाली होती. एक कटर मशीन होतं, ते मुकादमबाईने घेतलं. बाकी कुऱ्हाडी, कोयते. दोघी तोडायच्या, तिसरी ओढून खालच्या रानात लांब टाकायची, चौथी दाताळ्याने पाचोळा ओढायची. कुणी बोलत नव्हतं. एरवी या टोळीत एक क्षण शांतता नसायची. सासवा, नवरे, मोजणीदाराची चाल, सगळ्यांची रोज हजेरी व्हायची. आता फक्त घाव ऐकू येत होते आणि त्यांच्यामागे, खालून, एक दुसरा आवाज. कुणीतरी खूप मोठा कागद सावकाश चुरगाळतंय तसा.

मोजणीदार तोडत होता. हाताची कातडी कधी सोलली ते कळलं नाही. दर झाडाला पत्र्याची छोटी पट्टी होती, तिच्यावर नंबर आणि ते झाड दत्तक घेतलेल्या कुणा कर्मचाऱ्याचं नाव. त्याला दर महिन्याला झाडाचा फोटो जायचा. एरवी तो ही नावं वाचत नसे. आज प्रत्येक नाव डोळ्यांत घुसत होतं. पडलेल्या प्रत्येक झाडासोबत तो वर केंद्राकडे बघायचा. सिस्टर खिडक्यांवर ओल्या चादरी टांगत होती. ताई आत जायला तयार नव्हती. खुर्चीतच होती, नळीसकट, आणि जिथे झाड उभं राहिलेलं दिसेल तिकडे बोट दाखवत होती.

तीन वाजता ज्वाळा दिसल्या. आतापर्यंत धूर होता. धुराची भीती वेगळी, ती पसरट असते. ज्वाळा झाडांच्या शेंड्यांवरून येत होत्या. एक झाड पेटायचं नाही, फुटायचं. तेलाचा भपका उठायचा आणि शेजारचं आपण होऊन ओणवं झाल्यासारखं त्यात शिरायचं.  पट्ट्याची तीनचतुर्थांश लांबी मोकळी झाली होती. पश्चिमेची नव्वद पावलं उभी होती.

"बास," मुकादमबाईने मशीन बंद केलं. "सगळ्या मागे या. आता आपण लावायची."

"काय लावायची?"

"आग. इथून, खालच्या काठाला. आपण जाळत खाली गेलो की वर येणाऱ्या आगीला खायला उरत नाही. माझा बाप रानात हेच करायचा." तिने कमरेची चंची उघडली आणि काडीपेटी काढली.

"रानात काडीपेटी आणायला बंदी आहे," मोजणीदार म्हणाला. आयुष्यात माणूस काय काय बोलून जातो!

"आहे की," म्हणत तिने काडी ओढली.

पहिली विझली. दुसरीही. तिसरीने पाचोळा धरला, आणि त्या क्षणी मोजणीदाराला वाटलं, की आता संपलं. आपण खालून येणाऱ्या आगीला वरून आणखी एक जोडून दिली. बायका दाताळी घेऊन काठावर उभ्या राहिल्या आणि अलीकडे उडणारी प्रत्येक ठिणगी ठोकत होत्या. त्यांची आग आधी दोलायमान झाली, वर बघितलं, खाली बघितलं. मग खालच्या मोठ्या आगीने हवा ओढून घेतली तशी ती तिच्याकडे सरकली आणि खाली उतरत गेली.

दोन्ही आगी जिथे भेटल्या तिथे एक आवाज झाला. मोजणीदाराने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा समोर ज्वाळा नव्हत्या. काळ्या काठ्या होत्या, आणि त्यांच्यामधून धुराची भिंत वर येत होती.

आग बसली. धूर बसला नाही.

वीज केव्हाच गेली होती. केंद्राच्या मोठ्या खोलीत दहा माणसं होती आणि सिलिंडर चार. सिस्टर एकाचा मास्क काढून दुसऱ्याला लावत होती, मनात सेकंद मोजत. ओल्या चादरी पिवळ्या पडल्या होत्या. मोजणीदार आत ओढून आणलेल्या ताईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. तिचे ओठ निळसर झाले होते. श्वास आत जाताना एक बारीक शीळ वाजायची. मग काहीच नाही. मग, फार वेळाने, पुन्हा. ते 'काहीच नाही' प्रत्येक वेळी थोडं लांबत होतं. तो त्यात स्वतःचा श्वास रोखून धरत होता, जसा काही त्याने न घेतलेला तिला मिळणार होता.

"ताई, नळी तुझी. घे."

तिने मान हलवली आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. मग बोटांनी मोजणीदाराच्या शर्टाची बाही धरली आणि सोडली नाही.

चारला पाच कमी असताना केंद्राची गाडी आली. पाठोपाठ अग्निशमनची, दोन तासांचे चार करून. सिस्टरने सगळ्यांत वाईट पाच जण आधी चढवले. ताईने आपण सहाव्या नंबरला असल्याचं हाताने दाखवून दिलं. पण गाडीत मोठे सिलिंडर होते, त्यांतला एक सिस्टरने तिच्यासाठी उतरवून ठेवला. दुसरी खेप पाऊण तासाने. शीळ कमी झाली. ओठांना रंग आला. ती बाही अजून धरूनच होती.

साडेचारला फोन वाजला. हरितसाहेब.

"अभिनंदन!" ते जवळजवळ ओरडले. "वरून फोटो आलेत. आग बरोबर तांबड्या रेषेवर येऊन थांबली! केंद्र सुरक्षित! मी तुम्हाला काय म्हणत होतो? उद्या सकाळी आपण दोन ओळींचं निवेदन काढतोय, तुमच्या नावाने. जाळरेषा मोकळी होती आणि तिने बारा जणांना वाचवलं. एवढंच."

 ते खोटंही नव्हतं. आत्ता, या घटकेला, पश्चिमेचं धुराआडचं टोक सोडलं तर पट्टा नकाशात होता तसाच होता. तोडलेली झाडं खालच्या आगीत गेली होती. नंबरांच्या पट्ट्याही वितळल्या असतील. तीन वर्षांत पहिल्यांदाच नकाशा आणि जमीन जुळत होती, आणि ती कधीच जुळत नव्हती हे सांगायला आता फारसं काही शिल्लक नव्हतं.

"आहात ना?" हरितसाहेब म्हणाले. "आणि ऐका, प्लॉट सतरा गेला याचं मनाला लावून घेऊ नका. त्याची पद्धत वाया जाणार नाही. दोन वर्षांपूर्वीच आपण ती सगळीकडे पाठवली ना! उताराच्या मध्यावर, नुकत्याच साफ केलेल्या आडव्या पट्ट्यात, पंधरा मीटर रुंदीत लावणी. सगळीकडे झकास आलीय."

"कुठे?" मोजणीदाराने विचारलं.

"एकोणीसही टेकड्यांवर."

"तिथे केंद्रं आहेत?"

"आहेत ना. श्वासकेंद्र हा तर आपला—"

"साहेब, प्लॉट सतरा म्हणजे जाळरेषा. मी जाळरेषेत झाडं लावली होती. आज दुपारी बारापर्यंत इथे जाळरेषा नव्हती. आम्ही हातांनी तोडली. बाकीच्या टेकड्यांवर उताराच्या मध्यावर साफ केलेले आडवे पट्टे दुसरे कुठले असणार?"

"तुम्हाला धक्का बसलाय. उद्या बोलू."

"तुमच्यासमोर दोन्ही नकाशे आहेत का? एकावर एक ठेवा."

पलीकडे कळा दाबल्याचे आवाज आले. मग थांबले. ताईने बाही ओढली. त्याने फोन तिलाही ऐकू येईल असा धरला. फोनमधून नुसता एका माणसाचा श्वास येत होता, आधी सावकाश, मग भराभर.

"किती माणसं असतात हो," हरितसाहेबांनी विचारलं, आणि आवाज त्यांचा वाटेना, "एका केंद्रात?"

"बारा. मोठ्यात वीस."

"मी... मी कुणाला फोन करू?"

"मला नंबर वाचून दाखवा. अर्धे तुम्ही करा, अर्धे मी करतो. पाचोळा काढा म्हणावं. आत्ता. तोडायची परवानगी मागू नका म्हणावं."

हरितसाहेब वाचू लागले. मोजणीदाराला कागद मिळेना, तो भिंतीवरच लिहू लागला, बोट काजळीत बुडवून. पहिली टेकडी. दुसरी. तिसऱ्या टेकडीचा मोजणीदार रजेवर होता, चौकीदाराचा नंबर मिळाला. दारात मुकादमबाई येऊन उभी राहिली. भुवया जळाल्या होत्या. तिने हातानेच त्याला बाहेर बोलावलं. तो फोन कानाला लावूनच व्हरांड्यात गेला, बाही ताईच्या हातातून सोडवून घेत.

पश्चिमेच्या न तोडलेल्या नव्वद पावलांतून आग पट्टा ओलांडून गेली होती. केंद्राच्या बाजूला ती वळली नव्हती. वारा फिरला होता आणि ती टेकडीच्या खांद्यावरून पलीकडे उतरत होती. अग्निशमनची माणसं पाइप ओढत तिकडे धावत होती आणि त्यांचा पाइप पुरत नव्हता.

"पलीकडची कुठली टेकडी?" मुकादमबाईने विचारलं. "तिथेही आहे ना आपलं केंद्र?"

"सातवी," फोनमध्ये हरितसाहेब वाचत होते. "सातव्या केंद्राचा नंबर घ्या."

पलीकडची टेकडी तीच. मोजणीदाराने नंबर घेतला, साहेबांचा फोन तोडला आणि तिकडे लावला. घंटा वाजत राहिली. त्याने तोडून पुन्हा लावला. पुन्हा घंटा. तिकडेही कुणीतरी व्हरांड्यात उभं राहून, खाली जाळरेषा आहे म्हणून, निवांत धूर बघत असणार. त्याने फोन खिशात टाकला आणि टेकडीच्या खांद्याकडे पळायला लागला. कोयते उचलून अठ्ठावीस बायका त्याच्या मागून निघाल्या होत्या, आणि पलीकडचा उतार उतरायला अर्धा तास लागतो.